अंगणातलं झाड सगळं जाणतं : 'अकेशिया' आणि दत्तक मुलाची गोष्ट



आज आपण ज्या चित्रपटाबद्दल बोलणार आहोत, तो आहे भयपट. पण तुम्ही उशी घट्ट धरून बसलात, आता काहीतरी अंगावर येणार म्हणून वाट बघत राहिलात, तर बराच वेळ तुमची निराशाच होईल. एक नवरा, एक बायको, एक म्हातारे सासरे, एक घर, एक अंगण, अंगणात एक वाळकं झाड. आणि या घरात नव्याने आलेला सहा-एक वर्षांचा मुलगा. चित्रपटाचं नाव 'अकेशिया'. साल २००३. देश दक्षिण कोरिया. दिग्दर्शक पार्क की-ह्युंग.

हा चित्रपट पाहिलेले मराठी प्रेक्षक मला फार कमी भेटतात. ज्यांनी पाहिलाय त्यांतले अर्धे म्हणतात, "किती संथ आहे हो!" उरलेले अर्धे काही बोलत नाहीत, कारण तो त्यांच्या मनातून गेलेला नसतो. आज आपण समजून घेऊ, की हा संथपणा कशासाठी आहे, आणि दत्तक मुलाची गोष्ट सांगायला या दिग्दर्शकाने भयपटच का निवडला.

एक सूचना आधीच देतो. शेवटाकडे मी चित्रपटातलं मुख्य गुपित सांगणार आहे. त्या आधी तुम्हाला सावध करीन. तिथे थांबा, चित्रपट बघा आणि मग पुढचं वाचा.

आधी थोडं २००३ बद्दल

कोरियन सिनेमासाठी २००३ हे वर्ष म्हणजे सुगीचा हंगाम होता. 'मेमरीज ऑफ मर्डर' त्याच वर्षीचा, 'ओल्डबॉय' त्याच वर्षीचा. भयपटांत 'अ टेल ऑफ टू सिस्टर्स' आला, जो आजही जगभर पाहिला जातो. या गर्दीत 'अकेशिया' थोडा मागे पडला. तरी त्या वर्षीच्या बुसान आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा समारोप याच चित्रपटाने झाला होता, म्हणजे त्याची दखल घेतली गेली नाही असं नाही.

पार्क की-ह्युंग हे नाव कोरियन भयपटांच्या चाहत्यांना नवं नव्हतं. १९९८ साली त्यांनी 'व्हिस्परिंग कॉरिडॉर्स' केला होता. मुलींच्या शाळेत भूत आहे, पण खरी भीती आहे ती शाळेचीच. मार्कांची, मारकुट्या शिक्षकांची, मैत्रिणींमध्ये लावून दिलेल्या स्पर्धेची. कोरियात भयपटांची जी नवी लाट आली, तिची सुरुवात बरेच जण याच चित्रपटापासून मोजतात.

या माणसाची रीत लक्षात ठेवा. जी संस्था समाजाला पवित्र वाटते, तिच्या आत शिरायचं आणि तिथे कोण गुदमरतंय ते दाखवायचं. १९९८ मध्ये ती संस्था होती शाळा. २००३ मध्ये ती आहे कुटुंब.

गोष्ट काय आहे?

दो-इल डॉक्टर आहे. त्याची बायको मी-सुक कलाकार आहे, धाग्यांचं आणि विणकामाचं काम करते. ही भूमिका शिम हे-जिन या नावाजलेल्या अभिनेत्रीने केली आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. घरात दो-इलचे वडील आहेत. घर ऐसपैस, पैशाची ददात नाही. मग मूल दत्तक घ्यायचं ठरतं.

आश्रमात मी-सुकचं लक्ष जातं ते जिन-सॉंग नावाच्या मुलाकडे, आणि तेही त्याच्या चित्रांमुळे. हा मुलगा झाडं काढतो. पुन्हा पुन्हा झाडंच. रंग गडद, आकार अस्वस्थ करणारे. मी-सुक स्वतः कलाकार, तिला त्यात काहीतरी आपलं दिसतं. इथे एक बारीक गोष्ट बघा. तिने आधी चित्र निवडलंय, मूल नंतर. आपण मूल दत्तक घेतो तेव्हा त्या मुलाला घेतो, की आपल्या मनातल्या मुलाच्या चित्राला? दिग्दर्शक हा प्रश्न मोठ्याने विचारत नाही. नुसता ठेवून देतो.

जिन-सॉंग घरी येतो. कमी बोलतो. त्याचा जीव जडतो तो अंगणातल्या वाळलेल्या अकेशियाच्या झाडावर. त्याचं म्हणणं असं, की आपली आई मेलेली नाही, ती हे झाड झाली आहे. शेजारच्या घरात मिन-जी नावाची आजारी मुलगी आहे, तिच्याशी त्याची गट्टी जमते. मोठ्या माणसांपैकी कुणापाशी त्याचं जेवढं जमत नाही, तेवढं त्या झाडापाशी आणि त्या मुलीपाशी जमतं.

आणि मग जे कुणालाच अपेक्षित नव्हतं ते होतं. मी-सुकला दिवस जातात. मुलगा होतो.

आपल्याकडे हे वाक्य किती घरांत ऐकू येतं! "मूल दत्तक घेतलं, आणि बघा, वर्षभरात स्वतःचं झालं. पोराचा पायगुण!" आपण हे कौतुकाने म्हणतो. पण त्या पहिल्या मुलाच्या कानांनी ते ऐकून बघा. तो घरात आला कशासाठी? दुसऱ्यासाठी दार उघडायला? एकदा दार उघडल्यावर मग त्याचं काम काय उरलं?

'अकेशिया'ची सगळी भीती या एका प्रश्नात आहे.

चित्रपट संथ का आहे?

आता संथपणाकडे येऊ. भयपटात दोन तऱ्हा असतात. एक धक्क्याची. दार उघडलं, मांजर उडी मारून गेलं, आपण दचकलो. दुसरी मुरण्याची. इथे घटना छोट्या असतात, पण एकही पुसली जात नाही. प्रत्येक छोटी गोष्ट आधीच्या गोष्टीवर साचत जाते.

बाळ आल्यावर जिन-सॉंगला कुणी लगेच घराबाहेर काढत नाही. कुणी त्याला उपाशी ठेवत नाही. घरातली माणसं स्वतःला चांगलीच समजतात. पण नजर बदलते. पूर्वी तो गप्प बसला की "लाजाळू आहे" असं वाटायचं, आता "याच्या मनात काय चाललंय?" असं वाटतं. पूर्वी तो बाळाच्या वयाचा नसला तरी घरातलं एकुलतं मूल होता, आता बाळाजवळ गेला की मोठी माणसं सावध होतात. मूल तेच, त्याचं वागणंही जवळपास तेच. बदलला तो बघणारा.

हा बदल दोन मिनिटांत दाखवता येत नाही. घाई केली तर मी-सुक खलनायिका वाटेल आणि आपण सुटकेचा श्वास टाकू, "मी काही असा नाही." सावकाश दाखवलं की आपण तिच्या बाजूने विचार करायला लागतो. थकलेली बाळंतीण आहे, तान्हं बाळ आहे, मोठा मुलगा विचित्र वागतोय, तिला भीती वाटली तर चुकलं काय? आणि हेच दिग्दर्शकाला हवं आहे. संथपणा म्हणजे तुम्हाला त्या घरातलं एक माणूस करून घ्यायची युक्ती आहे.

यात एक आणखी गंमत आहे. आपण भयपट बघायला बसलो आहोत, त्यामुळे आपला संशय आधीच त्या मुलावर असतो. या प्रकारच्या सिनेमाने आपल्याला तशी सवयच लावली आहे. १९७६ चा 'द ओमेन' आठवा. बाहेरून घरात आणलेलं मूल म्हणजे साक्षात सैतानाचं. पुढे २००९ साली अमेरिकेत 'ऑर्फन' आला, त्यातही आश्रमातून आणलेली मुलगी घरावर उलटते. त्या चित्रपटाच्या जाहिरातीतल्या एका वाक्यावर दत्तक कुटुंबांच्या संघटनांनी आक्षेप घेतला. दत्तक मुलावर पोटच्या मुलाइतकं प्रेम करणं अवघड असतं, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. निर्मात्यांना ते काढावं लागलं.

'अकेशिया' तुमच्या याच सवयीचा फायदा घेतो. तुम्ही जिन-सॉंगकडे संशयाने बघता, तेव्हा तुम्ही नेमके त्या घरातल्या माणसांसारखे बघत असता.

मग एका वादळी रात्री मुलगा नाहीसा होतो. घरच्यांना वाटतं पळून गेला. आणि अंगणातलं इतकी वर्षं वठलेलं झाड फुलायला लागतं.

हे झाड कुठलं?

अकेशिया म्हटलं की आपल्याला बाभूळ आठवते, कारण वनस्पतिशास्त्रात बाभळीचं जुनं नाव तेच. पण कोरियात लोक ज्याला अकेशिया म्हणतात ते झाड वेगळं. त्याचं शास्त्रीय नाव रोबिनिया. ते मूळचं उत्तर अमेरिकेतलं. कोरियात ते बाहेरून आणलं गेलं आणि उघड्याबोडक्या डोंगरांवर माती धरून ठेवायला मोठ्या प्रमाणात लावलं गेलं. कोरियन युद्धानंतर डोंगर पुन्हा हिरवे करायचे होते तेव्हाही त्याचा उपयोग झाला. त्याच्या मुळांमध्ये हवेतला नत्र जमिनीत आणण्याची ताकद असते, म्हणून नापीक मातीतही ते जगतं. मे महिन्यात पांढऱ्या फुलांचे घोस लोंबतात, वास दूरवर जातो. कोरियातला बराचसा मध याच फुलांचा.

इतकं सगळं देऊनही या झाडाबद्दल तिथे एक अढी आहे. ते परकं आहे, काटेरी आहे, तोडलं तरी पुन्हा फुटतं, पसरतं. डोंगरउतारावरच्या पूर्वजांच्या कबरींत त्याची मुळं शिरतात, अशीही जुनी तक्रार.

आता बघा. बाहेरून आणलेलं, गरजेच्या वेळी लावलेलं, मुकाट्याने माती धरून ठेवणारं आणि गरज संपली की डोळ्यांत खुपणारं झाड. दत्तक मुलाच्या गोष्टीला याहून नेमकं झाड कुठलं सापडणार? दिग्दर्शकाच्या मनात हे सगळं होतं की नाही, मी सांगू शकत नाही. पण कोरियन प्रेक्षकाच्या मनात ते झाड ही सगळी ओझी घेऊनच येतं.

कोरिया आणि दत्तक

हा चित्रपट कोरियात का जास्त बोचतो, हे कळायला थोडा इतिहास हवा.

जोसन राजवटीच्या काळात प्रतिष्ठित घरांत दत्तक घेतलं जायचं, पण ते वंश चालवण्यासाठी आणि पूर्वजांचे विधी करण्यासाठी. आणि मुलगा घ्यायचा तो बापाच्याच कुळातला, बहुधा पुतण्या. म्हणजे दत्तक होतं, पण रक्ताच्या कुंपणाच्या आत. अनोळखी मुलाला आपलं म्हणणं ही गोष्ट वेगळी.

मग १९५० ते १९५३ चं कोरियन युद्ध झालं. हजारो मुलं अनाथ झाली. काही मुलांचे वडील परदेशी सैनिक होते, त्यांना तर समाजात जागाच नव्हती. १९५५ साली ऑरेगॉनमधल्या हॅरी होल्ट या अमेरिकन शेतकऱ्याने आठ कोरियन मुलं दत्तक घेतली, त्यासाठी अमेरिकेच्या संसदेला खास कायदा करावा लागला. तिथून परदेशी दत्तकाची एक वाटच पडली. युद्धाच्या खुणा बुजल्या, देश श्रीमंत व्हायला लागला, तरी वाट बंद झाली नाही. आता अविवाहित आयांची मुलं जाऊ लागली. १९८५ या एका वर्षात आठ हजारांहून अधिक मुलं देशाबाहेर गेली. गेल्या सत्तर वर्षांतला आकडा सुमारे दोन लाख सांगितला जातो. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकच्या वेळी परदेशी पत्रकारांनी यावर बोट ठेवलं, तेव्हा देशाला ओशाळल्यासारखं झालं.

आणि देशात? देशात ज्यांनी मूल घेतलं, त्यांतल्या अनेकांनी ते लपवलं. बायकांनी पोटाला उशा बांधून गरोदरपणाचं सोंग केलं, मुलाची नोंद स्वतःच्या पोटचं म्हणून केली. कारण कागदोपत्री कुटुंब म्हणजे पुरुष कुटुंबप्रमुखाच्या नावाने चालणारी नोंदवही. तिला 'होजु' पद्धत म्हणत. 'अकेशिया' आला तेव्हा ही पद्धत चालू होती. २००५ साली तिथल्या घटनापीठाने ती घटनेशी विसंगत ठरवली आणि २००८ च्या पहिल्या दिवसापासून ती गेली. २०१२ पासून दत्तकासाठी कौटुंबिक न्यायालयाची मंजुरी लागू लागली.

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये सोलमध्ये दत्तक घेतलेल्या एका सोळा महिन्यांच्या मुलीचा छळामुळे मृत्यू झाला. आधी तक्रारी होऊनही तिला वाचवता आलं नाही, आणि सगळा देश हादरला. मार्च २०२५ मध्ये कोरियाच्या सत्य आणि समेट आयोगाने जाहीर केलं, की परदेशी दत्तकात मुलांच्या हक्कांची पायमल्ली झाली आणि सरकार त्याला जबाबदार होतं. जिवंत आईबाप असलेल्या मुलांना कागदावर अनाथ दाखवलं गेलं होतं. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली.

कागदावर आई पुसलेलं मूल. आणि चित्रपटातला जिन-सॉंग म्हणतो, माझी आई गेलेली नाही, ती झाड झाली आहे. आता हे वाक्य नुसतं लहान मुलाची कल्पना वाटतं का?

आता गुपित

इथे थांबायचं असेल तर थांबा.

जिन-सॉंग नाहीसा झाल्यावर घर कुजायला लागतं. सासऱ्यांवर मुंग्या तुटून पडतात. नवरा-बायको एकमेकांकडे शत्रूसारखे बघायला लागतात. आपल्याला वाटतं, झाड सूड घेतंय, मुलगा झाडात गेलाय. शेवटी कळतं, की मुलगा पळून गेलेलाच नव्हता. तो अंगणातच आहे. त्या झाडाखाली. आणि तो तिथे कसा गेला, हे घरातल्या मोठ्या माणसांना माहीत होतं.

त्या रात्रीचा तपशील मी सांगणार नाही, तो तुम्हीच बघा. पण हे कळल्यावर मागचा सगळा चित्रपट उलटा वाचावा लागतो. ती शांतता, ते एकमेकांची नजर टाळणं, ती भांडणं. आपण ज्याला भुताटकी समजत होतो, ते अपराध्यांचं रोजचं जगणं होतं. भूत असेलही, नसेलही. नसतं तरी हे घर असंच मोडलं असतं.

मी-सुकचे लाल धागे शेवटाकडे घरभर पसरतात. धागा म्हणजे नातं, विणकाम म्हणजे संसार, असं म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. मला मात्र ते धागे बघताना नाळ आठवते. जे नातं रक्ताचं नाही म्हणून कमी लेखलं, त्याचंच रक्त आता घराच्या भिंतींवरून पुसता येत नाही.

उणं काय?

चित्रपट निर्दोष नाही. उत्तरार्धात तेच तेच ताण पुन्हा येतात. झाडाचा कोप दाखवणारे काही प्रसंग आज पाहिले तर उगाच वाटतात, मुंग्यांचा प्रसंग हसवूही शकतो. आणि दो-इलचं पात्र बायकोच्या मानाने पातळ लिहिलंय. सगळा दोष आईच्या डोक्यावर आणि बाप नुसता गोंधळलेला, ही सवय कोरियाचीच नाही, आपलीही आहे.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. तुमच्या घरात दत्तक मूल असेल, किंवा तुम्ही स्वतः दत्तक गेलेले असाल, तर हा चित्रपट तुम्हाला दुखावू शकतो. जगातली असंख्य दत्तक कुटुंबं सुखाने नांदतात, त्यांची ही गोष्ट नाही. ही गोष्ट आहे अटींवर केलेल्या प्रेमाची. मूल पोटचं असो वा दत्तक, ज्या घरात त्याला आपली जागा रोज सिद्ध करावी लागते, त्या घराची.

आपल्याकडे १९५६ च्या हिंदू दत्तक आणि पोटगी कायद्याने दत्तक मुलाला पोटच्या मुलाचा दर्जा दिला, दत्तक घेतलेल्या दिवसापासून. कायद्याचं काम कायद्याने केलं. पण "आमचा सख्खा एक आणि दत्तक एक" असं पाहुण्यांसमोर मुलाची ओळख करून देणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण तिथे उभं असलेलं मूल आपला क्रमांक मोजून घेतं.

'अकेशिया' बघताना शेवटी मला झाडाची भीती वाटली नाही. जिन-सॉंग बाळाकडे बघतोय आणि मी-सुक त्याच्याकडे बघते आहे, तशा एका साध्या नजरेची भीती वाटली. त्या नजरेत राग नव्हता. फक्त हिशेब होता.

चित्रपट बघितलात की एक करा. पहिला अर्धा तास पुन्हा बघा. या वेळी मोठ्या माणसांकडे नको, फक्त त्या मुलाकडे बघा. तो किती वेळा कुणाच्या तरी जवळ जायचा प्रयत्न करतो, ते मोजा. झाडापाशी तो शेवटी जातो, कारण झाड मागे सरकत नाही.

चला, आज इथेच थांबू. काळजी घ्या, घरातल्या लहानग्यांना जवळ घ्या. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.